वर्गातला 'माकड ते माणूस' तक्ता काढू का? (निअँडरथल आणि आपण)

वर्षा_रामबाग | ८ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी इंदूरला आठवीला विज्ञान शिकवते. आमच्या वर्गाच्या मागच्या भिंतीवर एक जुना तक्ता आहे. तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला असणार. डावीकडे चार पायांवरचं माकड, मग एक वाकलेला केसाळ प्राणी, मग हातात दगड घेतलेला थोडा ताठ, आणि शेवटी दाढी केलेला गोरा पुरुष. शेवटून दुसरा जो पोक काढून चालतो, त्याच्याखाली 'निअँडरथल' लिहिलंय.

काल एका मुलीने विचारलं, "मॅडम, हा आपल्या आधीचा आहे ना? मग माझ्या काकांनी थुंकी पाठवून तपासणी केली, त्यात त्यांच्यात निअँडरथलचा अंश आहे असं आलंय. आजोबांचे आजोबा असेल तर पूर्णच यायला पाहिजे, आणि संपला असेल तर काहीच नको. थोडासाच कसा?"

मी "उद्या सांगते" म्हणाले आणि रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले. जे कळलं त्यावरून तो तक्ता चुकीचाच आहे असं माझं मत झालंय. निअँडरथल आपला बाप नव्हे, चुलत भाऊ. त्यांची आणि आपली वाट पाच-सहा लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली. ते युरोप आणि पश्चिम आशियात वाढले, आपण आफ्रिकेत. आपण बाहेर पडलो तेव्हा पुन्हा गाठ पडली, मुलंबाळं झाली, आणि साधारण ४० हजार वर्षांपूर्वी ते वेगळे असे उरले नाहीत. त्यांच्या मेंदूचं आकारमान आपल्याएवढं, कधी थोडं जास्तच.

तक्ता काढला तर त्या जागी काय लावू? आणि मुलांना हे कसं सांगू? तुमचे अनुभव, माहिती, मतभेद सगळं चालेल.

---

छप्पनभोग | रात्री ९.५२

धाग्यावर जागा धरून ठेवतोय. सकाळी पोहे-जलेबी झाल्यावर नीट वाचतो. पण मॅडम, त्या मुलीचा प्रश्न एकदम कडक आहे. तिला माझ्यातर्फे शंभरपैकी शंभर.

---

प्रज्ञा_के | रात्री १०.१५

मी जनुकशास्त्राची विद्यार्थिनी आहे, त्यामुळे राहवलं नाही.

त्या मुलीच्या प्रश्नातच उत्तर आहे. 'थोडासाच' म्हणजे मिसळण. आई-बाप दोघं निअँडरथल असते तर पूर्ण आला असता. पण काही पूर्वज निअँडरथल आणि त्यानंतर दीड-दोन हजार पिढ्या इतर माणसांशी लग्नं, म्हणून आज आफ्रिकेबाहेरच्या कुठल्याही माणसात १ ते २ टक्के उरलाय. हे पहिल्यांदा पक्कं कळलं २०१० मध्ये. स्वांते पाबो आणि त्यांच्या गटाने हाडांच्या चिमूटभर भुकटीतून निअँडरथलचा जनुकसंच वाचला. २०२२ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं.

आणखी एक गंमत वर्गात नक्की सांगा. माझ्यातले तुकडे आणि तुमच्यातले तुकडे एकच नाहीत. प्रत्येकाकडे वेगळे. २०२५ मध्ये भारतातल्या २७०० हून जास्त लोकांच्या जनुकसंचांचा अभ्यास आला. त्या सगळ्यांतले तुकडे जोडले तर निअँडरथलचा जवळजवळ निम्मा जनुकसंच उभा राहतो. जुन्या वाड्याच्या विटा गावातल्या दोनशे घरांत लागलेल्या असाव्यात आणि त्या गोळा करून अर्धा वाडा परत बांधता यावा, तसं.

---

खडा_सवाल | रात्री १०.४०

सगळं ऐकायला छान आहे. पण दरवर्षी नवं काहीतरी येतं आणि जुनं खोटं ठरतं. आधी म्हणाले निअँडरथल मठ्ठ. आता म्हणतात कलावंत, प्रेमळ, मेलेल्यांवर फुलं वाहणारे. मला यात पुराव्यापेक्षा हौस जास्त दिसते. मुलांना शिकवताना जपून.

---

वर्षा_रामबाग | रात्री ११.०५

खडा_सवाल, फुलांबद्दल तुमची शंका बरोबर आहे. मीही काल तिथेच अडकले होते. इराकच्या कुर्दिस्तानात शनिदार गुहा आहे. तिथे एका सांगाड्याभोवतीच्या मातीत फुलांचे परागकण सापडले आणि 'फुलांचं दफन' जगभर गाजलं. पुढे त्याच गुहेत नव्याने खोदणाऱ्यांनी दाखवलं की जमिनीत बिळं करून राहणाऱ्या मधमाश्यांनीही ते पराग तिथे आणलेले असू शकतात. तेव्हा फुलं मी वर्गात सांगणार नाही.

पण त्याच गुहेतला दुसरा माणूस सांगणार. लहानपणी किंवा तरुणपणी डोळ्याजवळ जबर मार बसलेला, त्या बाजूने बहुतेक आंधळा. उजवा हात वाळलेला आणि कोपराजवळून गेलेला. पाय अधू. कानाची भोकं हाडाने बुजत आलेली, म्हणजे ऐकूही नीट येत नसणार. आणि या सगळ्या जखमा भरून आलेल्या आहेत, तो पुढे कितीतरी वर्षं जगला. त्या काळात एका हाताचा, बहिरा, लंगडा माणूस एकटा शिकार करून चाळिशीपर्यंत पोचेल का? कोणीतरी त्याच्यापुढे घास ठेवत होतं. हाड भरून आलं की नाही हे डोळ्यांनी दिसतं. त्यात हौस नाही.

---

निशा_बडोदे | ९ जुलै, सकाळी ७.२०

वर्षाताई, तुमचा हा प्रतिसाद वाचून सकाळी सकाळी डोळे भरून आले. मी बडोद्याला विशेष मुलांच्या शाळेत शिकवते. २०२४ मध्ये स्पेनमधल्या कोवा नेग्रा गुहेतलं एक छोटंसं हाड चर्चेत आलं होतं. कानाच्या आतलं, कवटीचा एक तुकडा. निअँडरथल मुलाचं. आतल्या कानाच्या रचनेवरून शास्त्रज्ञांनी ओळखलं की या मुलाला डाउन सिंड्रोम होता. ऐकू कमी येत असणार, चक्कर येत असणार, तोल जात असणार. त्या लेकराचं नाव त्यांनी टीना ठेवलं.

टीना सहा वर्षांची तरी झाली. माझ्या वर्गात सहा वर्षांची दोन डाउनची मुलं आहेत. त्यांना भरवायला, चालताना हात धरायला, शी-शूला न्यायला दिवसभर माणूस लागतं. एकट्या आईच्याने होत नाही. घरात आजी, मावशी, मोठी बहीण हवी. गुहेत राहून, सतत मुक्काम हलवत, त्या लोकांनी हे सहा वर्षं केलं. मला तुमच्या तक्त्यावर त्या पोक काढलेल्या माणसाच्या जागी टीनाला कडेवर घेतलेली बाई हवी.

---

छप्पनभोग | सकाळी ९.०५

पोहे खाऊन आलो होतो, निशाताईंचं वाचलं आणि चहा थंड झाला. काही लिहिण्यासारखं नाही. फक्त +१.

---

केसपेपर | सकाळी ११.३०

मी डॉक्टर आहे. इथे एक गोष्ट मांडतो, कारण आपल्या भागाशी तिचा थेट संबंध आहे.

२०२० मध्ये पाबो आणि त्यांचे सहकारी झेबर्ग यांनी दाखवलं की तिसऱ्या गुणसूत्रावरचा डीएनएच्या साधारण ५० हजार अक्षरांचा एक तुकडा ज्यांच्याकडे आहे, त्यांना कोविड गंभीर होण्याचा धोका वाढतो. तो तुकडा निअँडरथलकडून आलाय. क्रोएशियातल्या विंदिया गुहेतल्या निअँडरथलमध्ये तो जवळजवळ जसाच्या तसा सापडला. युरोपात साधारण सोळा टक्के लोकांकडे आहे. दक्षिण आशियात निम्म्या लोकांकडे. बांगलादेशात ६३ टक्के.

२०२१ चा एप्रिल मी इंदुरात वॉर्डात काढला. एकाच घरातले दोन भाऊ, वयात दोन वर्षांचं अंतर, दोघांनाही साखर नाही, दोघं रोज सकाळी फिरायला जाणारे. धाकटा चौथ्या दिवशी घरी गेला. थोरला गेला. त्यांच्या आईने मला विचारलं, "डॉक्टरसाहेब, दोघांना एकाच हाताने जेवायला घातलं, मग असं का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही त्या घराचं नक्की उत्तर माझ्याकडे नाही, त्यांची जनुकं कोणी तपासलेली नाहीत. पण असं होऊ शकतं आणि त्यात आईच्या हाताचा काही दोष नसतो, हे आता मी एखाद्या आईला सांगू शकतो. माझ्यासाठी हे संशोधन त्या जागेवर लागतं.

दोन गोष्टी जोडतो. वय, इतर आजार आणि वेळेवर खाट मिळणं यांचा वाटा मोठाच होता. आणि बाराव्या गुणसूत्रावर निअँडरथलचाच दुसरा एक तुकडा आहे, तो असला तर गंभीर कोविडचा धोका साधारण २२ टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे त्यांनी आपल्याला दोन्ही दिलं.

---

खडा_सवाल | दुपारी १२.१०

डॉक्टरसाहेब, प्रतिसाद मनापासून आवडला. मग तिसऱ्या गुणसूत्रावरचा तो तुकडा इतका घातक असेल तर आपल्यात निम्म्यांकडे राहिला कसा? निसर्गाने काढून टाकायला हवा होता.

---

केसपेपर | दुपारी १.४५

रास्त प्रश्न. कोविड नवा आहे, तुकडा पन्नास हजार वर्षं जुना. मधल्या काळात दुसऱ्या कुठल्यातरी रोगात त्याचा उपयोग झाला असावा, असा विचार मांडला जातो. प्रज्ञाताई जास्त सांगतील.

---

प्रज्ञा_के | दुपारी २.३०

डॉक्टरांनी म्हटलंय तसंच. एचआयव्हीच्या बाबतीत तर दिसलंच. कोविडला घातक असलेला हाच तुकडा एचआयव्ही लागण्याचा धोका साधारण २७ टक्क्यांनी कमी करतो. एचआयव्ही पन्नास हजार वर्षांपूर्वी नव्हता, त्यामुळे तुकडा टिकला त्याचं कारण ते नव्हे. पण एकच तुकडा एका रोगात वैरी आणि दुसऱ्यात मित्र असतो, एवढं त्यातून कळतं.

---

भिया_इंदौरी | दुपारी ३.००

भिया, सासूबाई मला लग्नापासून 'जंगली' म्हणतात. आज हा धागा त्यांना वाचून दाखवला. त्यांच्यातही तेवढेच टक्के आहेत म्हटल्यावर हसल्या आणि चहा केला माझ्यासाठी. वर्षा मॅडम, धन्यवाद.

---

सुमनआजी | संध्याकाळी ५.१५

नातवाने मोबाईलवर वाचून दाखवलं, तोच टंकतोय. माझं वय ७४, लोकमान्य नगरात राहते. हे लोक खायचे काय, तेवढं कोणी सांगेल का? सगळे शिकारीचंच बोलतात. रोज कुठे शिकार मिळते?

---

वर्षा_रामबाग | संध्याकाळी ६.००

आजी, तुमच्यासाठीच जपून ठेवलेली माहिती आहे ही. शनिदार गुहेतच जळून कोळसा झालेले अन्नाचे तुकडे सापडले, साधारण ७० हजार वर्षांपूर्वीच्या निअँडरथलच्या थरात. सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर त्यात रानटी कडधान्यं निघाली. ती भिजवून, कुटून, मग शिजवलेली किंवा भाजलेली. २०२२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या रानटी कडधान्यांची साल कडवट असते, म्हणून भिजवायची.

---

सुमनआजी | संध्याकाळी ६.४०

अगं, म्हणजे कडवे वालच की! रात्री भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक वाल अंगठा आणि बोटात धरून दाबायचा. पांढरा दाणा टुपकन बाहेर येतो, साल हातात राहते. माझ्या आईने मला पाच वर्षांची असताना बसवलं होतं वाल सोलायला. घाई केली की साल राहते आणि बिरडं कडू होतं. त्यांनी साल पूर्ण काढली होती का?

---

वर्षा_रामबाग | संध्याकाळी ७.०५

नाही आजी! तेच तर त्या अभ्यासात लिहिलंय. सालीचे अंश राहिलेले आहेत, म्हणजे थोडी कडवट चव राहत असणार. कदाचित त्यांना तशीच आवडत असेल.

---

सुमनआजी | संध्याकाळी ७.१०

थोडा कडवटपणा हवाच. नाहीतर वाल कशाला करायचे.

---

माहेरवाशीण | रात्री ८.३०

स्वयंपाकघरात आलोच आहोत तर माझीही भर. सायबेरियात अल्ताई पर्वतात चागिरस्काया नावाची गुहा आहे. तिथल्या निअँडरथल हाडांमधून २०२२ मध्ये एक कुटुंब ओळखलं गेलं, बाप आणि त्याची तरुण मुलगी. आजूबाजूचेही नातेवाईक निघाले. आणि जनुकांवरून दिसलं की पुरुष त्याच टोळीतले, पण निम्म्याहून जास्त बायका दुसऱ्या टोळ्यांतून आलेल्या. म्हणजे लेकी सासरी जात होत्या! त्या मुलीलाही पुढे जायचं असेल. मी ग्वाल्हेरची, सासर इंदूर. माझं माहेर रेल्वेने काही तासांवर, तरी पहिलं वर्ष रडून काढलं. तिचं माहेर मागे पडलं की पडलंच.

---

प्रज्ञा_के | रात्री ९.००

माहेरवाशीण, तुम्ही नेमकं बोट ठेवलंय. ते का संपले, त्याचं एक कारण इथेच असावं. टोळ्या अगदी छोट्या, दहा-वीस माणसांच्या. मुली दुसरीकडे जात होत्या तरी एकूण माणसंच कमी, त्यामुळे फिरून फिरून त्याच नात्यात लग्नं. अल्ताईतल्याच डेनिसोवा गुहेतल्या एका निअँडरथल स्त्रीचे आई-बाप सावत्र बहीण-भावाइतके जवळचे होते, असं तिच्या जनुकांवरून दिसतं. आपले लोक सगोत्र टाळतात, त्यांना टाळायला सोयच नव्हती. फ्रान्समधल्या मांद्रें गुहेतला 'थोरिन' नावाचा निअँडरथल तर ज्या वंशातला होता, तो शेजारच्या निअँडरथलांपासूनही सुमारे ५० हजार वर्षं अलग राहिलेला. २०२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

मग आपण आलो. २०२४ च्याच दुसऱ्या अभ्यासांप्रमाणे मिसळण साधारण ५० हजार ते ४३ हजार वर्षांपूर्वी, सलग काही हजार वर्षं चालू होती. एका रात्रीची चूक नव्हती ती. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार होता.

---

खडा_सवाल | रात्री ९.४०

पटलं. मठ्ठ होते म्हणून संपले असं मी आजवर मानत होतो, ते सोडतो. पण मग तो पोक काढलेला माणूस आला कुठून?

---

वर्षा_रामबाग | रात्री १०.१०

तो एका आजारी म्हाताऱ्याचा सांगाडा होता. १९०८ मध्ये फ्रान्समधल्या ला शापेल-ओ-सेंट इथे सापडला. मार्सेलँ बूल नावाच्या मोठ्या अभ्यासकाने त्यावरून निअँडरथल म्हणजे वाकलेला, गुडघे मोडून चालणारा असं चित्र उभं केलं. १९५७ मध्ये पुन्हा तपासणी झाली तेव्हा कळलं, त्या माणसाला जबर संधिवात होता. दाढाही बहुतेक पडलेल्या. उद्या कोणी आमच्या गल्लीतल्या गुडघेदुखीच्या आजोबांचा सांगाडा बघून सगळे इंदूरकर असेच चालायचे म्हणावं, तसं झालं. आणि तेच चित्र शंभर वर्षांनी माझ्या वर्गात आहे.

मला अभिमान वाटला तो दुसऱ्या एकाचा. १८५६ मध्ये जर्मनीत निअँडर खोऱ्यात चुन्याच्या खाणीत मजुरांना हाडं सापडली, ती अस्वलाची वाटली. ती जपून ठेवून 'ही फार जुन्या माणसाची आहेत' असं म्हणणारा योहान फूलरोट शाळामास्तर होता.

---

नर्मदाकाठ | १० जुलै, सकाळी ६.५०

दोन दिवस वाचतोय. युरोप झाला, सायबेरिया झाला, आता घरी या.

निअँडरथलचं हाड भारतात सापडलेलं नाही. पण आपल्या नर्मदेने एक कवटी दिली आहे. ५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना हथनोरा गावाजवळ, होशंगाबादच्या (आताचं नर्मदापुरम) वरच्या अंगाला, नदीकाठच्या गोटे-वाळूच्या घट्ट थरात माणसाच्या कवटीचा वरचा भाग मिळाला. उजवी बाजू बरीच शाबूत. त्याच थरात हत्तीच्या जातीच्या प्राण्यांचे जीवाश्म आणि दगडी हातकुऱ्हाडी. सोनकियांनी ती होमो इरेक्टसची, म्हणजे आपल्याहून जुन्या मानवजातीची मानली, पुढे इतरांनी आदिम सेपियन्स, म्हणजे आपल्याच जातीचा जुना प्रकार म्हटलं. वाद अजून मिटलेला नाही. आपल्या उष्ण हवेत डीएनए टिकत नाही, त्यामुळे सायबेरियात झालं तसं इथे सोपं नाही.

मी नोकरीच्या काळात त्या काठावर गेलो आहे. काठ कापल्यासारखा उभा. वर काळी माती, खाली पिवळट गाळ, त्याखाली गोट्यांचा थर सिमेंट केल्यासारखा कडक. बोट लावलं तर गोटा हलत नाही. अशा थरात कवटी ओळखणाऱ्या नजरेला माझा नमस्कार. आपल्या माळव्यात ही नजर जुनी आहे. उज्जैनच्या हरिभाऊ वाकणकरांनी १९५७ मध्ये भीमबेटका शोधलं तेही असंच, दुरून खडक बघून.

आणि वर्षाताई, तक्त्याचं. ओळ काढू नका, झाडही काढू नका. झाडाच्या फांद्या एकदा फुटल्या की परत मिळत नाहीत. महेश्वरच्या पुढे सहस्रधारा बघितली असेल. काळ्या खडकांमुळे नर्मदा फुटते, असंख्य धारा होतात. काही धारा पुढे एकमेकींत येऊन मिळतात, काही खडकात डबकं होऊन आटतात, काही फुटून पुन्हा मिळून पुन्हा फुटतात. माणसाची गोष्ट तशी आहे.

---

प्रज्ञा_के | सकाळी ८.१५

काका, यापेक्षा चांगलं चित्र मी कुठल्या पुस्तकात पाहिलेलं नाही. त्यात डेनिसोवनही बसतात, म्हणजे निअँडरथलसारखीच आणखी एक नामशेष झालेली माणसं. त्यांची ओळख २०१० मध्ये एका करंगळीच्या हाडातून लागली. डेनिसोवा गुहेतल्या एका मुलीची आई निअँडरथल आणि बाप डेनिसोवन होता, साधारण ९० हजार वर्षांपूर्वी. दोन धारा मिळाल्या ती जागाच सापडली. आणि चीनमधल्या हार्बिनच्या कवटीवरून २०२५ मध्ये डेनिसोवनांना चेहराही मिळाला.

---

निशा_बडोदे | सकाळी ८.४०

टीनालाही एक जागा ठेवा.

---

वर्षा_रामबाग | ११ जुलै, संध्याकाळी ५.३०

आज तक्ता उतरवला. मागे भिंतीवर चौकोनी फिकट डाग राहिलाय, त्यावर आम्ही पाच कार्डशीट चिकटवून नदी काढली. वर आफ्रिकेतून येणारा मोठा प्रवाह, डावीकडे निअँडरथलची धार, उजवीकडे डेनिसोवनची, आणि त्या जिथे आपल्यात मिळतात तिथे मुलांनी बोटांनी रंग मिसळला. निशाताई, डावीकडच्या धारेच्या काठावर टीना आईच्या कडेवर आहे. आजी, आईच्या पायाशी कडधान्य भिजत घातलेला खोलगट दगड आहे.

प्रश्न विचारणारी मुलगी हथनोराच्या कवटीपाशी अडली. "ही कुठल्या धारेला जोडू?" मी म्हटलं, कोणालाच माहीत नाही. तिने थोडा विचार करून तुटक रेघेची एक धार काढली, ती कुठेच जोडली नाही, आणि शेवटी पेन्सिलीने गोल करून जागा मोकळी सोडली. "सापडलं की शाईने करू," म्हणाली.

नर्मदाकाठ काका, तुमच्याकडे सहस्रधारेचा उन्हाळ्यातला फोटो असेल का? आत्ता पावसात सगळ्या धारा एक झाल्या असतील, मुलांना सुट्या दाखवायच्या आहेत.

---

नर्मदाकाठ | संध्याकाळी ६.१०

मे महिन्यातला आहे, वरच्या खडकावरून काढलेला. मोठा छापून सोमवारी शाळेत आणून देतो. हथनोऱ्याच्या काठावरून उचललेला एक साधा गोटाही आहे माझ्याकडे, तोही आणतो. मुलांना हातात घेऊन बघू दे.